राग कोणावर काढावा?

नीतिशास्त्राचे ग्रंथ चाळले तर त्यांत क्रोधाचा विचार पुष्कळ आढळतो. पण तो क्रोध बहुधा मोठ्या माणसांचा व मोठ्या प्रसंगांचा असतो. राजे रागावतात, ऋषि शाप देतात, सेनापति सूड घेतात. सकाळीं सव्वासात वाजतां अंगाला साबण लागलेला असतांना नळ कोरडा पडला म्हणजे गृहस्थाला जो राग येतो, त्याला ह्या ग्रंथांत स्थान नाहीं. कपडे धुण्याचें यंत्र निम्म्या धुण्यावर थांबतें आणि त्याच्या कांचेवर एक इंग्रजी अक्षर व दोन आंकडे लुकलुकूं लागतात. लिफ्ट चौथ्या व पांचव्या मजल्यांच्या मध्यें अडकते. शेगडी दुरुस्त करावयास ‘दहा ते दोनच्या दरम्यान’ येणारा मनुष्य दिवेलागण झाली तरी येत नाहीं. इंटरनेट बंद पडल्याची तक्रार नोंदवावयाची तर ती इंटरनेटवरूनच नोंदवावी, असें सांगण्यांत येतें. हे सारे राग क्षुल्लक म्हणून तत्त्ववेत्त्यांनीं सोडून दिले. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, सामान्य गृहस्थाच्या वांट्याला मोठे क्रोध उभ्या आयुष्यांत फार तर दोनचार येतात, आणि हे लहान क्रोध रोज दोनचार येतात. तेव्हां त्याच्या स्वभावाला जें वळण लागावयाचें तें ह्या दुसऱ्या प्रकारच्या रागांनींच लागणार. यास्तव हा राग कोणावर निघतो, आणि न्यायानें तो कोणावर निघावयास हवा, ह्या प्रश्नाचा थोडा विचार करणें अस्थानीं होणार नाहीं.

पिंपरी-चिंचवडसारख्या ठिकाणीं ह्या प्रश्नाला एक विशेष धार येते. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तेव्हां भोंवतालीं बहुतेक शेतें व माळ होते. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि मग चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथील माळांवर एकामागून एक कारखाने आले. १९७० सालीं ह्या गांवांची मिळून एक नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका. २०११ च्या खानेसुमारींत वस्ती सतरा लाखांच्या वर भरली. चालू शतकांत चाकणच्या बाजूस मोटारींचे मोठमोठे कारखाने आले व तोहि भाग ह्याच संसारांत सामील झाला. ह्या पट्ट्यांत दर दोन घरांआड एखादा तरी मनुष्य असा सांपडतो कीं, ज्याचें पोट यंत्रावर आहे. आणि कारखान्यांत यंत्राच्या बिघाडाला केवढा मान असतो! जुळणीची एक रांग पांच मिनिटें थांबली तर दिवा लागतो, घंटा वाजते, अधिकारी धांवत येतात, मिनिटांची नोंद होते. जपानांतील टोयोटा कंपनीकडून आलेली एक रीत तर येथील साध्या सुपरवायझरलाहि पाठ असते. बिघाड झाला कीं ‘कां?’ हा प्रश्न लागोपाठ पांच वेळां विचारावयाचा. यंत्र कां थांबलें? फ्यूज उडाला म्हणून. फ्यूज कां उडाला? भार वाढला म्हणून. भार कां वाढला? वंगण पोंचलें नाहीं म्हणून. अशा रीतीनें खोल उतरत जावयाचें. पहिल्या उत्तरावर थांबूं नये, आणि बोट एखाद्या कामगाराकडे वळूं लागलें म्हणजे तर मुळींच थांबूं नये; मनुष्य चुकला असेल तर तो कां चुकूं शकला हें पुढें विचारावें, असा त्या रीतीचा दंडक आहे.

दिवसभर हें शास्त्र पाळणारा गृहस्थ सायंकाळीं घरीं परततो. लिफ्ट बंद असते. तो एकच प्रश्न विचारतो: “वॉचमन कोठें आहे?”

हा विरोध केवळ विनोदाचा नव्हे. बुद्धीनें जें मनुष्य जाणतो तें त्याच्या रागाला कळत नाहीं, हें जुनेंच दुःख आहे. निर्जीव वस्तूंवर रागावण्याचा मूर्खपणा तर फार पूर्वींपासून माणसाच्या मागें लागलेला आहे. इराणचा बादशहा झर्क्सीस ह्यानें पूल मोडला म्हणून समुद्राला तीनशें फटके मारविले, असें हिरोडोटसनें लिहून ठेविलें आहे. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका ह्यानें क्रोधावर स्वतंत्र प्रबंध लिहिला, त्यांत अक्षर बारीक आहे म्हणून पुस्तक फेंकून देणाऱ्यांची त्यानें थट्टा केली आहे. आमच्याकडे जुन्या टेलिव्हिजनला डाव्या बाजूनें थापटी मारून चित्र सरळ करण्याची विद्या ज्यांना अवगत होती त्यांना समाजांत मोठा मान असे. ह्या रागांत कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें. समुद्राला लागलें नाहीं, पुस्तक पुनः उचलून घेतां येत होतें, आणि टेलिव्हिजन तर खरोखरच सुधारत असे.

आतांचें यंत्र मात्र बोलतें, आणि तेंहि सभ्यपणें. आपला दूरध्वनि आम्हांस महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करावी, मराठीसाठीं अमुक आंकडा दाबा, असें एक मंजुळ स्त्रीकंठ पंचवीस मिनिटें सांगत राहतो. ह्या बोलण्यांत अपमानाचा शब्द एकहि नसतो, तरी ऐकणाऱ्याचें डोकें तापतें. ह्याचें कारण आमच्या मतें असें कीं, सभ्यता ही एका माणसानें दुसऱ्याला द्यावयाची वस्तु आहे. देणारा कोणीच नसतां ती मिळूं लागली म्हणजे खोटें नाणें हातांत आल्यासारखें वाटतें. अरेरावी करणाऱ्या कारकुनाशीं भांडतां येत असे. त्याचें नांव विचारतां येत असे, त्याच्या साहेबाकडे जातां येत असे, आणि कधीं कधीं भांडण संपल्यावर तो चहाहि पाजीत असे. ह्या मंजुळ कंठाला नांव नाहीं आणि साहेबहि नाहीं.

जुन्या गांवगाड्यांत बिघाडाला तोंड होतें. नांगर मोडला कीं सुतार, विळ्याची धार गेली कीं लोहार, मोटेचें कातडें फाटलें कीं चांभार. कामागणिक पैसा द्यावयाचा नसे. सुगी झाली म्हणजे खळ्यावर ठरलेलें बलुतें धान्याच्या रूपानें मिळे, आणि त्याच्या मोबदल्यांत वर्षभर दुरुस्ती करून देणें हें त्या कारागिराचें काम असे. हल्लीं यंत्राच्या देखभालीचा जो वार्षिक करार विकला जातो तो म्हणजे ह्याच बलुत्याचा नातू होय. फरक इतकाच कीं, बलुतेदार त्याच गांवांत राहत असे व दुसऱ्या दिवशीं तोंड दाखवावें लागे. म्हणून तो काळ सुखाचा होता असें म्हणणारे लोक आहेत. त्यांनीं त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गांव-गाडा’ उघडून पाहावा म्हणजे बलुतेदारांच्या नांवानें कुणब्यांचीं गाऱ्हाणीं तेव्हांहि किती होतीं हें दिसेल. आणि कुणब्याच्या गाऱ्हाण्यापेक्षां मोठें गाऱ्हाणें कारागिराचें होतें. त्याचें काम जातीनें ठरलेलें, त्याचें स्थान पायरीवर ठरलेलें, ज्याच्या हातचें काम घ्यावयाचें त्याच्या हातचें पाणी चालत नाहीं अशी ती व्यवस्था. तींत राग धन्याकडून वरून खालीं बिनअडथळा वाहत असे, आणि उलट दिशेनें वाहण्याची सोय ठेविलेलीच नव्हती. त्या व्यवस्थेचें आम्हांस यत्किंचित् प्रेम नाहीं. पण एक गोष्ट तिच्यांत होती खरी: नांगर कोणीं केला, कोणीं मोडला आणि कोणीं दुरुस्त करावयाचा, हीं तीनहि उत्तरें एकाच वेशीच्या आंत मिळत.

आज हीं उत्तरें पृथ्वीभर विखुरलेलीं असतात. धुलाईयंत्राचा आराखडा एका देशांत होतो, त्याच्यांतली विजेची पाटी दुसऱ्या देशांत तयार होते, जुळणी तिसऱ्या ठिकाणीं, विक्री एका दुकानांत, दुरुस्ती भलत्याच एका ठेकेदाराकडे, आणि तक्रार ऐकणारा तरुण ह्यांपैकीं एकाहि ठिकाणीं कधीं गेलेला नसतो. पूर्वीं मोटार जळली तर भोसरीच्या एखाद्या गाळ्यांत तिला नवें वाइंडिंग करून मिळे. आतां पाटी गेली म्हणजे ती सबंध बदलावयाची. तिच्यांतला कोणता कण गेला हें पाहण्याची दुरुस्ती करणाऱ्याला ना मुभा ना माहिती. (बिघाड मुद्दाम पेरल्याची शंका ग्राहकाला येते ती अगदींच वेडेपणाची नव्हे. १९२४ सालीं युरोप-अमेरिकेंतील बड्या दिवे करणाऱ्या कंपन्यांनीं फीबस नांवाचा संघ करून विजेचे दिवे हजार तासांहून अधिक टिकूं नयेत असा आपसांत करार केला होता.) अशा ह्या लांबच लांब साखळीची फक्त एक कडी ग्राहकाच्या डोळ्यांपुढें प्रत्यक्ष येते. ती म्हणजे पाठीला पिशवी लावून, बूट दारांत काढून, घाम पुसत उभा असलेला दुरुस्तीवाला. पंचवीस मिनिटें यंत्राच्या कंठाशीं घालविलेला राग, चार दिवसांच्या प्रतीक्षेचा राग, न मिळालेल्या सुट्या भागाचा राग, हा सगळा राग तेथें त्या पायपुसण्यावर येऊन थांबतो, कारण पुढें जाण्याला त्याला वाटच नसते. मनुष्य दिसला म्हणून तो दोषी ठरतो.

आळंदी ह्या कारखान्यांच्या गर्दीला लागूनच आहे. तेथील ताटीची गोष्ट मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. कोणाच्या तरी टोंचून बोलण्यानें मन विटलें म्हणून ज्ञानदेव झोंपडीचें दार लावून बसले, आणि मुक्ताबाईनें बाहेरून त्यांची समजूत घातली. त्या गोष्टींत आम्हांस नेहमीं एक विचार येतो तो असा कीं, अपमान झाल्यावर दार लावून बसण्यालाहि दार असावें लागतें. दुरुस्तीवाल्याला तें नसतें. एका घरीं शब्द ऐकून तो खालीं उतरतो, गाडी सुरू करतो, आणि पुढच्या घरीं त्याला हंसतमुखानें नमस्कार करावा लागतो. कारण काम संपतांच ग्राहकाच्या हातांतल्या फोनवर पांच चांदण्या उमटावयाच्या असतात आणि त्यांतल्या किती पेटवावयाच्या हें ग्राहकाच्या लहरीवर असतें. चांदण्यांची सरासरी घसरली कीं कामें कमी मिळतात, फार घसरली तर बंदहि होतात. शाळेंत परीक्षकाला निदान उत्तरपत्रिका वाचावी लागते. येथें परीक्षक कोण, विषय कोणता, गुण कशाचे ह्यांपैकीं कांहींच ठरलेलें नसतें. सुटा भाग गोदामांत नव्हता म्हणून कारागिराच्या चांदण्या जातात. गोदाम ठेवणाऱ्याला चांदण्या देण्याची योजना अद्यापि कोणी काढलेली नाहीं.

आतां कारखान्यांतली ती पांच प्रश्नांची रीत एखाद्या घरगुती त्रासाला लावून पाहूं. ह्या शहरांत नोव्हेंबर २०१९ मध्यें एक दिवसाआड पाणी देण्याचें ठरलें. व्यवस्था तात्पुरती म्हणून सांगितली होती. ती वर्षानुवर्षें चालली. पाणी न येण्याच्या दिवसाचें नियोजन टाक्या, पिंपें व घागरी ह्यांवर होतें, आणि मोठ्या गृहसंकुलांत तें टँकरवर होतें. टँकर सकाळीं सहाला यावयाचा तो नऊला येतो, आणि त्याच्या चालकाला तीनशें कुटुंबांच्या वतीनें दोनचार गृहस्थ भरभरून बोलतात. पहिला प्रश्न: टँकर उशिरां कां आला? भरण्याच्या जागीं रांग होती म्हणून. रांग कां? एकाच वेळीं शेंकडों इमारतींना टँकर हवा म्हणून. तो कां हवा? नळाचें पाणी पुरत नाहीं म्हणून. तें कां पुरत नाहीं? येथवर फार थोडे लोक येतात, आणि येथून पुढें उत्तर अवघड होऊं लागतें.

पवना धरणाचें पाणी नदीच्या पात्रांत सोडतात, तें वाहत वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतें, तेथें उचलून निगडीस शुद्ध करतात व मग शहराला देतात. त्याऐवजीं धरणापासून थेट बंद नळांतून पाणी आणावें अशी योजना निघाली. वाटेंत पाणी जिरणार नाहीं, घाण मिसळणार नाहीं, शहराला अधिक मिळेल, असा तिचा हिशोब. आणि हिशोब म्हणून तो चुकीचा नव्हता. पण मावळांतल्या शेतकऱ्याला दुसरा हिशोब दिसत होता. धरणासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यांतल्या अनेकांचें पुनर्वसन पुरें झालें नव्हतें, आणि आतां नदींतलें पाणीहि नळांत गेलें तर कांठच्या शेतांचें काय, असें त्याला भय होतें. ९ ऑगस्ट २०११ रोजीं मावळांत बऊरजवळ द्रुतगति महामार्गावर ह्या योजनेविरुद्ध आंदोलन झालें, पोलिसांनीं गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. त्यांत एक स्त्री होती. योजनेचें काम थांबलें. बारा वर्षांनीं, २०२३ सालीं, राज्य शासनानें कामावरची स्थगिती उठविली.

टँकरवाल्याला झालेल्या तीन तासांच्या उशिराचा धागा ओढीत गेलें तर तो असा तीन प्रेतांपाशीं जाऊन पोंचतो. आम्ही हें कोणाच्या मनाला टोंचणी लागावी म्हणून लिहीत नाहीं. शहरानें गोळ्या झाडल्या नाहींत, आणि पाणी मागणें हा गुन्हा नव्हे. परंतु नळाच्या एका टोंकाला आपली गैरसोय असते तेव्हां दुसऱ्या टोंकाला दुसऱ्या कोणाचें तरी शेत असूं शकतें, ही गोष्ट टँकरवाल्यावर ओरडतांना मुळींच ध्यानांत येत नाहीं, आणि ओरडून मन मोकळें झालें म्हणजे ती ध्यानांत येण्याचा संभवहि संपतो. पांचवा प्रश्न तर आणखी जवळचा आहे. पाणी पुरत नसतांना इमारती कां उठल्या? महापालिका पाणी देऊं शकेपर्यंत आम्ही स्वखर्चानें तें पुरवूं, अशीं हमीपत्रें बांधणाऱ्यांनीं दिलीं म्हणून. तीं पाळलीं जातात कीं नाहीं हें कोण पाहतो? येथें अधिकारी आला, बांधणारा आला, आणि पोहण्याच्या तलावाचें रंगीत चित्र पाहून घराचा सौदा करणारा, पण पाण्याचा कागद न मागणारा ग्राहकहि आला.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, एवढें खोल गेल्यावर दोष सर्वांचा निघतो, आणि जो दोष सर्वांचा तो कोणाचाच नाहीं. तेव्हां गप्प बसावें हें बरें. पुष्कळ सुशिक्षित माणसें ह्या मुक्कामाला येऊन तेथेंच बिऱ्हाड करतात. ‘सिस्टीमच तशी आहे’ हा त्यांचा मंत्र. आम्हांस हें मत ओरडणाऱ्याच्या मतापेक्षांहि अधिक धोक्याचें वाटतें. ओरडणारा चुकीच्या माणसाला धरतो, पण दोष म्हणून कांहीं आहे हें तरी तो मानतो. सर्वांचा दोष म्हणजे सर्वांचा सारखा दोष असें नव्हे. हमीपत्र देऊन न पाळणाऱ्याचा दोष आणि तें मागून न पाहणाऱ्याचा दोष ह्यांत केवढें तरी अंतर आहे. आणि ह्या दोघांच्या मानानें, भरण्याच्या जागीं पहांटे तीनपासून रांगेंत उभ्या असलेल्या चालकाचा दोष कांहींच नाहीं. ॲरिस्टॉटलनें रागाला सरसकट वाईट ठरविलें नाहीं. योग्य माणसावर, योग्य कारणानें, योग्य वेळीं व योग्य मापानें रागावणारा मनुष्य त्याच्या मतें स्तुतीस पात्र आहे. आणि ज्या गोष्टींबद्दल रागवावयास हवें त्यांबद्दलहि जो रागावत नाहीं त्याला त्यानें दूषणच दिलें आहे. अडचण एवढीच कीं, ॲरिस्टॉटलच्या नगरांत योग्य माणूस बाजारांत भेटत असे.

दुरुस्तीवाले सगळे संतच असतात असाहि आमचा दावा नाहीं. चांगली पाटी बिघडली म्हणून सांगून तिचे पैसे घेणारे आहेत, एक स्क्रू आवळून दुसरा ढिला करून जाणारे आहेत, पावती मागितली कीं ज्यांच्या कपाळाला आंठी पडते असेहि आहेत. त्यांच्या लबाडीबद्दल त्यांच्यावर रागावणें हें अगदीं न्यायाचें आहे, कारण तेथें दोष त्यांचा स्वतःचा असतो. आमचा मुद्दा मापाचा आहे. लबाडी केलेल्या कारागिराला जेवढें बोलावें तेवढेंच, कधीं कधीं त्याहून अधिक, निरपराध कारागिराला बोलण्यांत येतें. आणि जो खरा चुकला आहे तो वातानुकूल खोलींत बसलेला असल्यामुळें त्याच्या वांट्याला त्याचा शतांशहि येत नाहीं.

पुन्हां, ओरडणें स्वस्त आहे. त्याला कागद लागत नाहीं, तारखा लागत नाहींत, पावत्या जपून ठेवाव्या लागत नाहींत. न्यायाच्या रागाला हें सर्व लागतें. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत सुरू केली; १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला; त्याच्या जागीं २०१९ सालीं नवा कायदा होऊन तो २०२० पासून अंमलांत आला. जिल्हा आयोगापुढें पांच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाहीं, वकील दिलाच पाहिजे असें नाहीं, आणि अर्ज घरबसल्या करतां येतो. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्कासाठीं म्हणून कंपन्यांची माहिती एके ठिकाणीं मिळण्याची सोयहि केली. हीं साधनें परिपूर्ण आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. आयोगांपुढें तारखा पडतात, आणि सहा हजारांच्या यंत्रासाठीं कोणी दोन वर्षें घालवावीं हा प्रश्न खराच आहे. परंतु त्या सहा हजारांच्या यंत्रासाठीं दारांतल्या पोराला दहा मिनिटें फैलावर घेणारा गृहस्थ, तीन ओळींची लेखी तक्रार करण्याचा प्रसंग आला म्हणजे ‘जाऊं द्या हो, कोण नादीं लागतो’ असें म्हणतो, हें आम्हीं वारंवार पाहिलें आहे. त्याचा राग खोटा नसतो. तो आळशी असतो.

ह्याहून सूक्ष्म अशी आणखी एक गोष्ट आहे. राग हा गैरसोयीचें माप घेतो, अन्यायाचें घेत नाहीं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलें पाणी शुद्ध करण्याचें यंत्र पाहा. उलट्या रसाकर्षणाच्या ह्या यंत्रांतून एक भांडें पाणी गाळून निघतें तेव्हां साधारण दोनतीन भांडीं पाणी मोरीच्या नळींतून निघून जातें. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या जड, क्षारयुक्त पाण्याला ह्याचा उपयोग असेल. पण धरणाच्या पाण्यांत क्षार मुळांतच थोडे असतात. दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षां कमी क्षार असलेल्या पाण्याला हें यंत्र वापरूं देऊं नये, असे निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ च्या मे महिन्यांत दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस ह्या शहरांत दिवसाआड पाणी सुरू झालें, आणि तरी घरोघर तीं यंत्रें मोरींत पाणी सोडीत राहिलीं. त्यांच्यावर कोणी कधीं रागावलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. कारण तीं बिघडत नाहींत. बिघडलें तर मात्र लगेच फोन जातो. म्हणजे यंत्र अपराध करीत असतांना आपण शांत असतों, आणि तें थांबल्यावर रागावतों. ज्या भावनेला एवढेंहि तारतम्य नाहीं तिच्या हातीं न्यायनिवाडा सोंपवावा कीं काय, ह्याचा विचार शहाण्यांनीं करावा.

घरांत ह्या सर्वाचें ओझें कोणावर पडतें हेंहि सांगितलें पाहिजे. ‘दहा ते दोन’ ह्या वेळांत दाराकडे कान देऊन बसणारी बहुतेक घरीं गृहिणी असते. ती नोकरी करीत असली तर त्या दिवसाची रजा बहुधा तिचीच पडते. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, घरांत यंत्रें आलीं तरी गृहिणीचें काम हलकें झालें नाहीं. पूर्वीं इतरांकडे असलेलीं कामें यंत्राबरोबर तिच्याकडे आलीं. त्यांत आमच्याकडे आणखी एक भर पडली आहे ती देखरेखीची. गुरुवारीं वीज जावयाची, म्हणून बुधवारीं टाकी भरून ठेवावयाची. पाणी उद्यां नाहीं, म्हणून यंत्र आज लावावयाचें. जाळींत गाळ अडकतो, म्हणून ती महिन्यानें साफ करावयाची. करार कधीं संपतो हें लक्षांत ठेवावयाचें. आणि दुरुस्तीवाला आल्यावर “अहो भाऊ, उन्हांतून आलांत, आधीं पाणी घ्या,” असें म्हणते तीहि पुष्कळदां तीच. ज्याचा त्रास सर्वांत अधिक त्याचा आवाज सर्वांत लहान, असें निदान आमच्या पाहण्यांत आलें आहे. मोठा आवाज बहुधा सायंकाळीं घरीं येऊन बंद यंत्राची वार्ता ऐकणाऱ्याचा असतो.

हा सायंकाळीं घरीं येणारा गृहस्थ आम्हांस फार कुतूहलाचा विषय वाटतो. चाकणच्या एखाद्या कारखान्यांत तो सुट्या भागांच्या विभागावर असतो. सातारच्या कोणा अनोळखी मनुष्याची मोटार एका भागावांचून तीन आठवडे उभी असते आणि तिचा कागद त्याच्या टेबलावरून ‘हा आमच्या विभागाचा विषय नाहीं’ असा शेरा घेऊन पुढें सरकतो. सातारचा तो मनुष्य कोणावर ओरडला असेल? गॅरेजमधल्या पोरावर. त्याच दिवशीं सायंकाळीं ह्या गृहस्थाला स्वतःच्या धुलाईयंत्राविषयीं तेंच उत्तर फोनवर मिळतें आणि त्याचें मस्तक फिरतें. साखळीच्या दोन्ही टोंकांना तोच उभा आहे; पण दिवसाचा तो आणि सायंकाळचा तो ह्यांची ओळख करून देणारें कोणी नाहीं.

गृहसंकुलांच्या वार्षिक सभा ह्या दृष्टीनें पाहण्यासारख्या असतात. टँकर उशिरां आला त्या दिवशीं रहिवाशांच्या फोनवरच्या गटांत दोनदोनशें निरोप पडलेले असतात. चालकाचें छायाचित्रहि कोणी तरी टाकलेलें असतें. महिन्याभरानें सभा भरते. विषयपत्रिकेवर बांधणाऱ्याच्या हमीपत्राची नक्कल मिळविणें, पावसाचें पाणी कूपनलिकेंत मुरविणें, घरोघरीं पाण्याचे मीटर बसविणें, असे तीन विषय असतात. तीनशें सभासदांपैकीं अगदीं थोडे हजर असतात. गणपूर्ति नाहीं म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते. त्या अर्ध्या तासांत चहा येतो, आणि मग नियमाप्रमाणें त्याच जागीं, त्याच थोड्या माणसांत ती पुनः सुरू होते. पैकीं दोघे चहा पिऊन घरीं गेलेले असतात.